स्रोत : अथांग

निवतळच्या शाळेच्या सभागृहात कंपनीच्या माणसांनी दिवे मालवले आणि समोरच्या भिंतीवर खाडीचं मुख उघडं केलं. पाणी नाही, नुसता तळ. खडपं, वाळूचे दांडे, गाळाच्या वळ्या, सगळं निळ्या-हिरव्या रंगांत असं झळझळीत, की जन्म पाण्यावर घालवलेले तांडेलसुद्धा माना पुढे काढून बघायला लागले. भिंतीवर बोट ठेवाल तिथली खोली भिंतच सांगत होती.

पहिल्या रांगेतली आवडाकाकी उठली. पदर खोचून भिंतीपाशी गेली आणि मुखातल्या एका खडपावर तिनं बोट ठेवलं. खोलीचा आकडा आला. त्याच्याखाली बारीक अक्षरांत आणखी काहीतरी उमटलं. काकीला वाचता येत नव्हतं, पण तिथं काय असायला हवं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"माजा नाव इला मां?" तिनं मागे वळून विचारलं.

वृषाली दोन रांगा मागे बसली होती. तालुक्याच्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची, पण निवतळात तिची ओळख तेवढ्यापुरती नव्हती. ती तारींची मुलगी, याच बंदरावर वाढलेली. तिनं भिंतीवरची अक्षरं वाचली. 'स्रोत : अथांग सागरतळ संच.'

"नाय काकी," ती म्हणाली. "अथांग म्हणान लिवलेला आसा."

"अथांग? तो खयचो?"

सभागृह हसलं. सगळ्यात मोठ्यानं हसले ते कंपनीचे जनसंपर्क अधिकारी साठ्ये. "काकी, अथांग म्हणजे आम्ही! आणि आम्ही म्हणजे तुम्हीच की. समुद्र सगळ्यांचा, तसा नकाशाही सगळ्यांचा."

टाळ्या पडल्या. काकीनं तेच बोट दुसऱ्या खडपावर ठेवलं, मग तिसऱ्या. दर वेळी तेच. ती परत येऊन बसली तेव्हा शेजारणीनं चेष्टेनं तिला कोपर मारलं, पण काकी हसली नाही. वृषालीनं व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या कंपनीच्या नकाशा विभागाच्या प्रमुखाकडे पाहिलं. तो स्वतःचे बूट निरखत होता. त्याचं नाव निनाद, आणि तो तिचा नवरा होता.

सगळ्यांचा नकाशा म्हणे. सगळ्यांचा होताच तो, पण अथांगनं हात लावण्याआधी.

त्याचं नाव होतं 'ठाव'. कोकणच्या खाड्यांचा तळ आकाशातून दिसत नाही. उपग्रहाचा लेझर स्वच्छ पाण्यात तळापर्यंत जाऊन परततो, पण आपल्या खाड्यांचं पाणी गढूळ, त्यात त्याचा प्रकाश वाटेतच विखुरतो. बोटीखालून आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी मोजणारी यंत्रं खोल समुद्रात उत्तम. खाडीच्या मुखाशी मात्र फुटणाऱ्या लाटा पाण्यात इतके बुडबुडे मिसळतात की यंत्राला तळ कुठला आणि फेस कुठला हेच कळेनासं होतं. शिवाय दर पावसाळ्यात वाळू सरकते ती वेगळीच. तिथं अजूनही एकच उपाय चालतो : शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडायची, वजन तळाला टेकलं की दोन्ही हात पसरून ती वर ओढायची. एका पसरीला एक वाव. किती वाव दोरी ओढली, तेवढी खोली. मापं घ्यायची ती उधाणाच्या ओहोटीलाच.

आता वाव म्हणजे काही गजासारखी ठरलेली लांबी नव्हे. ज्याचे हात, त्याची वाव. सहा फुटी तांडेलाची वाव एवढी, तर चणीनं लहान आवडाकाकीची तिच्या पाऊणपट. म्हणून वृषाली आणि निनादनं दहा वर्षांपूर्वी 'ठाव' सुरू केला तेव्हा पहिला नियम हाच घातला : माप देईल त्याचं नाव मापाला चिकटलेलं राहील. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून झाला की जेटीच्या भिंतीला पाठ लावून सगळ्यांनी हात पसरायचे आणि प्रत्येकाची वाव टेपनं मोजून घ्यायची. खांदा आखडला, वय झालं, की वाव आखडते. म्हणून दर वर्षी नव्यानं. त्या दिवशी जी थट्टा चालायची ती विचारू नका. ज्याची वाव वाढली नाही आणि पोट वाढलं त्याची तर धडगत नसे. मग नकाशात 'आवडा मेथर, दोन वाव' असं आलं, की संगणक काकीच्या हातांनी गुणून मीटर काढायचा. आणि कुणीही त्या जागी बोट ठेवलं की खोलीखाली नाव दिसायचं.

हा नकाशा सगळ्या जगाला खुला होता. घ्या, वापरा, बदला, विकायचा तरी विका. परवान्यात अट एवढीच होती : माप जाईल तिथं ते देणाऱ्याचं नाव जाईल, आणि त्यात फेरफार केलात तर तसं सांगाल. बाराशे माणसांनी लष्कराच्या भाकऱ्या भाजाव्यात तसा तो नकाशा भाजला होता. त्यांना काय मिळालं? आपल्या नावाचं खडप. आवडाकाकी मुंबईहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मोबाईलवर मुख उघडून दाखवायची आणि म्हणायची, "हय बोट ठेय." मुख तिचंच होतं. शिंपल्यांतले मुळे आणि कालवं काढायला ती रोज तिथंच जायची. दुसरं कुणी तिथल्या लाटांत होडी घालायला धजत नसे.

आणि आता त्याच मुखावरून बिनतांडेलाची बोट जाणार होती. सुकाणूवर कुणी नाही, चालक नाही. यंत्र स्वतःच भरती-ओहोटी बघून वाट ठरवणार आणि पलीकडच्या गावांतली माणसं बाराही महिने अर्ध्या तासात इकडे आणणार. चांगली गोष्ट होती. वृषालीलाही ती हवीच होती. तिला हवं होतं ते इतकंच, की भिंतीवर खडपाखाली काकीचं नाव यावं.

घरी आल्यावर तिनं पिशवी खुर्चीवर टाकली आणि सरळ विचारलं, "नावं कुठं गेली?"

निनाद पाणी पीत होता. त्यानं पेला संपवला, विसळला, पालथा घातला. "विधी विभागाचं म्हणणं पडलं की नावं ठेवली तर परवान्याची अट मान्य केल्यासारखं होतं. मग कुठून काय घेतलं, काय बदललं, हे सगळं उघड करावं लागेल अशी त्यांना भीती."

"तू काय म्हणालास?"

"माझं कोण ऐकतं, वृषाली? त्यांचं कायद्यानं बरोबर आहे. मीटरमध्ये रूपांतर केलेला नकाशा ही कलाकृती, ती आम्ही घेतलीच नाही. आम्ही फक्त कच्चे आकडे घेतले. समुद्र इथं दोन वाव खोल आहे, ही नुसती वस्तुस्थिती. वस्तुस्थितीला मालक नसतो."

हे वाक्य त्याचं नव्हतं. कुणा वातानुकूलित खोलीतल्या माणसानं ते रचलं होतं आणि यानं ते पाठ करून घरी आणलं होतं. जेटीवर टेप धरून बाराशे माणसांचे हात ज्यानं मोजले, त्याच माणसाच्या तोंडून ते ऐकताना तिला शिळं मटण हुंगल्यासारखं झालं.

मग तिच्या डोक्यात दुसराच प्रकाश पडला. "थांब. कच्चे आकडे घेतलेत? वावेतले? आणि नावं काढलीत? मग मीटर कसे काढलेत?"

"प्रमाण वाव. सहा फूट. एक मीटर त्र्याऐंशी."

"निनाद!"

"अगं, ते मला कळत नाही का? पण मोठ्या संचात ते जिरून जातं. कुणाचे हात लांब, कुणाचे आखूड. हजारो मापं एकत्र केली की जास्त-कमी एकमेकांना खातं. आम्ही किनाऱ्यावर सव्वीस ठिकाणी पडताळून पाहिलं. चूक नगण्य आहे."

"जिथं वीस जणांनी मापं दिलीत तिथं जिरेल. मुखावर कुणाची मापं आहेत?"

त्यानं पालथा पेला पुन्हा सरळ केला.

"मुखावर चाळीसेक मापं आहेत आणि ती सगळी एकट्या आवडाकाकीची. तिची वाव एक मीटर चाळीस. तिथं काय जिरणार? आणि तुमचं ते यंत्र वाट ठरवताना काय करतं? मापं एकमेकांशी जुळली की त्याची खात्री वाढते. खात्री वाढली की ते बोटीखाली मोकळं पाणी कमी ठेवतं. बरोबर ना? तूच लिहिलंयस ते. नावं असती तर त्याला कळलं असतं की ही एकाच बाईची चाळीस मापं आहेत. आता त्याला वाटतंय की चाळीस निरनिराळे साक्षीदार एकच गोष्ट सांगताहेत. सगळ्या किनाऱ्यावर त्याची सगळ्यात जास्त खात्री कुठं असेल, तर जिथं सगळ्यात मोठी चूक आहे तिथं!"

निनादचा चेहरा उतरला. खरोखर उतरला, त्यात नाटक नव्हतं, हे तिनं नंतरही मान्य केलं. तो खाली बसला आणि कपाळ चोळत राहिला.

"चाचण्या सगळ्या भरतीला झाल्यात," तो हळूच म्हणाला.

"मी सभागृहातून येतानाच बंदर अधिकाऱ्यांकडे तक्रार दिलीय. नावांबद्दल. उद्या जाऊन हेही त्यात घालते."

"नको." त्यानं तिचा हात धरला. "तक्रार मागे घे. चौकशी लागली तर सगळा प्रकल्प अडकेल, वर्षभर बोट येणार नाही. माझ्यावर सोड. मी दुरुस्ती घालतो. शब्द देतो, वृषाली."

दहा वर्षांत त्यानं दिलेला शब्द मोडल्याचं तिला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं तक्रार मागे घेतली. बंदर अधिकारी हसून म्हणाले, "बरं केलंत मॅडम. घरातलं भांडण घरातच बरं."

उद्घाटनाच्या दिवशी जेटीवर मांडव होता, सनई होती, आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता. बोट सकाळी, भरती असतानाच सुटायची होती. पाहुणे आले ते उन्हं कलल्यावर, तेही जेवून, वामकुक्षी करून. तोवर अमावास्येच्या उधाणाची ओहोटी पार तळाला गेली होती आणि मुखावर पांढऱ्या लाटांची रेघ दिसत होती.

वृषालीनं निनादला मांडवाच्या मागे गाठलं. "नावं परत लावलीस?"

"दुरुस्ती घातलीय म्हटलं ना." त्याचे डोळे पाहुण्यांच्या गाडीकडे होते. "काळजी करू नकोस."

तिनं नावांबद्दल विचारलं होतं आणि त्यानं उत्तर भलतंच दिलं होतं. हे तिच्या लक्षात यायला दोन मिनिटं लागली, आणि तेवढ्यात फीत कापली गेली. पाहुणे बोटीत काही चढले नाहीत. त्यांना पुढचा कार्यक्रम होता. चढली ती पलीकडच्या गावची माणसं. बाजाराला आलेल्या बायका, दवाखान्यातून परत निघालेलं एक म्हातारं जोडपं, शाळेच्या बाई, झांजा वाजवणारी मंडळी. वृषाली धावत धक्क्याच्या टोकाला गेली. बोटीच्या पाठीवर मोठा पडदा होता, त्यावर तळ सरकताना दिसत होता आणि खाली अक्षरं होती. स्रोत : अथांग.

"थांबवा!" ती ओरडली. सनईत ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि बोटीत ऐकायला तांडेलही नव्हता.

बोट शांतपणे, अगदी रुबाबात मुखाकडे गेली. जिथं निवतळचा प्रत्येक माणूस अशा ओहोटीला उजवीकडून वळसा घेतो, तिथं ती सरळ गेली. मग आवाज आला. आधी एक लांबलचक खरड, मग तडा गेल्याचा. बोट पुढून उचलली गेली, आडवी झाली, आणि पुढच्या लाटेनं तिच्यावरची माणसं पाण्यात ओतली.

आवडाकाकी मुखाजवळच होती, मुळ्यांची टोपली घेऊन. पहिली होडी तिचीच पोचली. दोघं चढली तर तिसऱ्याला भारी पडेल अशा त्या होडीत तिनं पाच माणसं ओढून घेतली, आणि बाकीच्यांना होडीची कड धरून ठेवायला शिव्या घालघालून लावलं. मग बंदरातल्या सगळ्या होड्या गेल्या. एकूणएक सगळे वाचले. शाळेच्या बाईंचा पाय मात्र बोट आणि खडपाच्या मध्ये सापडला. तो गुडघ्याखालून कापावा लागला.

दवाखान्याच्या आवारात निनाद तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याचा कंपनीचा शर्ट कोरडा होता.

"काय दुरुस्ती घातली होतीस?" तिनं विचारलं.

"सगळ्या किनाऱ्यावरची खोली दहा टक्क्यांनी कमी धरली."

"दहा."

"मुखाला वेगळी दुरुस्ती घालायची तर कारण लिहावं लागलं असतं. कारण लिहायचं तर नावं आली असती. नावं आली की 'ठाव' आला, अट आली. मला वाटलं, दहा पुरतील."

मधल्या खडपावर काकीचं माप होतं एक वाव. एक त्र्याऐंशीतून दहा टक्के गेले की एक पासष्ट उरतात. बोटीला लागतं दीड मीटर पाणी. यंत्राच्या हिशेबानं वीतभर पाणी शिल्लक होतं. खरं पाणी होतं एक मीटर चाळीस, आवडाकाकीची एक वाव. ही वजाबाकी चौथीतल्या पोरालाही जमली असती, आणि यालाही जमलीच असती. त्यानं ती केली नाही, कारण उत्तर काय येणार ते त्याला माहीत होतं. वृषालीला त्याचा राग आला नाही. रागात माणूस आपला वाटतो. तिला त्याची शिसारी आली, आणि त्याच्या शब्दावर तक्रार मागे घेणाऱ्या स्वतःचीही आली. आत बाई शुद्धीवर येऊन ओरडायला लागल्या होत्या, त्या आवाजात ती तशीच उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी अथांगचं निवेदन आलं. सगळ्या वाहिन्यांवर, सगळ्या वर्तमानपत्रांत.

वृषालीनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. 'सदर ठिकाणची खोलीची मापं आमच्या कंपनीनं घेतलेली नसून ती ठाव या खुल्या सामूहिक नकाशातून, त्याच्या परवान्यानुसार, घेण्यात आली होती. परवान्याच्या अटीचा आदर राखून आम्ही माप देणाऱ्यांची नावं येथे नमूद करीत आहोत. अपघातस्थळाची सर्व मापं : श्रीमती आवडा मेथर, राहणार निवतळ. अप्रशिक्षित स्वयंसेवकांच्या मापांवर विसंबल्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' खाली 'ठाव'चा दुवा होता. परवान्याचं पूर्ण नाव होतं. केलेल्या फेरफाराचा उल्लेखसुद्धा होता, मोघम. इतकं शिस्तशीर श्रेय 'ठाव'ला त्याच्या जन्मात कुणी दिलं नव्हतं.

चोराच्या उलट्या बोंबा ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. पण चोर परवान्याचं कलम वाचून, शुद्ध मराठीत, व्याकरणाची एकही चूक न करता बोंब मारतो, हे बघायला हा काळ उजाडावा लागला. चांगलं झालं असतं तर ते 'अथांग'चं. वाईट झालं तर ते आवडा मेथरचं, राहणार निवतळ.

"हे कुणी काढून दिलं त्यांना?" तिनं विचारलं. "नावांची यादी तर तुम्ही टाकून दिली होती."

निनाद दारात उभा होता. "'ठाव' खुलाच आहे. कुणीही काढू शकतं."

"कुणी काढलं?"

"साठ्यांना घाई होती." मग त्यानं मान वर केली आणि तो म्हणाला, "तुला नावं हवी होती ना? आली की."

तिनं हातातला मोबाईल ओट्यावर ठेवला. मग ती टेबलाशी बसली आणि अपघातानंतर नेमलेल्या चौकशी समितीला सगळं लिहिलं : कच्चे आकडे, प्रमाण वाव, दहा टक्के, मागे घेतलेली स्वतःची तक्रार आणि नवऱ्याचं नाव. लिहिताना तिनं ते त्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाचलं. तो काही वेळ ऐकत राहिला. मग त्यानं कपाटावरची बॅग काढली. त्याला कुणी जा म्हणालं नाही आणि थांबही म्हणालं नाही.

समितीनं पोच पाठवली. अहवालाला सहा महिने लागतील, असं त्यात होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आवडाकाकी आली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. हातात वर्तमानपत्राची घडी, आणि चेहऱ्यावर सभागृहापासून हरवलेलं हसू.

"गो वृषाल्या, आपलो पक्याचो शाळेतलो झील सांगी होतो, माजा नाव पेपरात इला म्हणान. पाच माणसा वाचयलंय ना मी, म्हणान आसतला. तेका पुरता वाचूक दिलंय नाय मी. म्हटला, तूच वाच. तुजाच काम ह्या."

वृषालीनं घडी उलगडली. क्षणभर तिला वाटलं, खोटं वाचावं. पाच माणसांचं वाचावं. काकीला काय कळणार होतं? पण खोटं वाचून दाखवणाऱ्यांनी हे घर आधीच नासवलं होतं. तिनं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं आणि मग मालवणीत समजावून सांगितलं.

काकी ऐकत होती. हसू एकदम गेलं नाही. कुठं जावं ते न कळल्यासारखं ते थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं.

"माजा माप चुकला?" तिनं विचारलं.

"नाय काकी. तुजा माप अगदी बरोबर. तेंनी तुजो हात काढून टाकल्यानी आणि दुसऱ्याच्या हातान मोजल्यानी."

"आणि चूक माजी?"

वृषालीनं पेपराची घडी घातली. "मी लिवलंय सरकाराक," ती म्हणाली. "सगळा खरा काय ता लिवलंय. थोडे म्हयने जातले, पण..."

"त्या बाईचो पाय गेलो." काकी मध्येच म्हणाली. "तिचो घोव काल बंदरार इललो. माज्याकडे बघून थुकलो तो. माका कळाक नाय कित्याक थुकलो. आता कळला." तिनं ती घडी लांब सारली. मग म्हणाली, "नाव काढ माजा."

"पेपरातला कसा काढू काकी?"

"पेपरातला नाय. तुज्या नकाशातला काढ."

"काकी, नाव काढला तर मापा जातली. नावाबगर तेंका अर्थच नाय. मुख रिकामा पडतला. लोकांच्या बोटी तुज्या मापार येतत."

"म्हणान काय मी तोंड काळा करून घेव? काढ."

माप ज्याचं, नाव काढायचा हक्क त्याचा, हेही 'ठाव'च्या नियमांत वृषालीनंच लिहिलं होतं. तिनं नकाशा उघडला. मुखावर निळ्या-हिरव्या ठिपक्यांची दाटी होती, प्रत्येकाखाली आवडा मेथर. तिनं नाव निवडलं. खरंच काढायचं का, असं यंत्रानं विचारलं. तिनं काकीकडे पाहिलं. काकीनं मान हलवली. तिनं होय केलं.

ठिपके एकेक करून गेले. दांडे गेले, खडपं गेली, वाट गेली. मुखाच्या जागी नुसतं पांढरं राहिलं.

"गेला?"

"गेला."

काकी बराच वेळ त्या पांढऱ्या जागेकडे बघत बसली. बाहेर ओहोटी लागली होती, आणि देवगडकडच्या बोटी आज संध्याकाळी याच मुखानं आत यायच्या होत्या. ते दोघींनाही माहीत होतं. काकी उठली, दारापर्यंत गेली आणि चौकटीला हात लावून थांबली.

"तांडेलांक फोन कर," ती म्हणाली. "सांग, मदल्या खडपार ओहोटीक पाणी नाय. उजवीकडसून वळसो घालून येवा म्हणान सांग."

"सांगतंय."

"आणि कोणी सांगल्यान म्हणान विचारल्यानी तर माजा नाव घेव नको."